सही सरांची, हात राजमतीचा

राजमती मगदूम रागीट आहे, असं शाहूपुरीतल्या त्या इमारतीत कुणीही सांगेल. कोल्हापुरात हे काही फार मोठं दूषण नाही. इथं दोन मित्र एकमेकांची खुशाली विचारायला लागले तरी परगावच्या माणसाला वाटतं, आता सोडवायला जावं लागणार. पण राजमतीच्या रागाचं निराळं होतं. तो दिवसभर कुणावर तरी निघत असायचा. पावत्या न जोडता फाइल आणणाऱ्या दूध संस्थेच्या सेक्रेटरीवर निघायचा, प्रिंटर दुरुस्तीला उद्या नक्की येतो म्हणणाऱ्यावर निघायचा, जिन्यात मावा थुंकणाऱ्यावर तर विचारूच नका. फक्त ज्याच्यावर निघायला हवा होता त्याच्यावर तेवीस वर्षांत एकदाही निघाला नाही. त्या माणसाला ती 'सर' म्हणायची.

सर म्हणजे विजयसिंह. चार्टर्ड अकाउंटंट. पांढरी सफारी, कपाळावर गंध, आणि सगळ्या जिल्ह्याच्या पुढाऱ्यांशी गळ्यात गळा. त्यांच्या केबिनच्या भिंतीवर सीएंच्या इन्स्टिट्यूटनं दिलेलं प्रॅक्टिसचं सर्टिफिकेट होतं आणि त्याला चंदनाचा हार घातलेला होता. नव्या माणसाला वाटायचं, सर्टिफिकेट वारलंय. तसं ते खोटंही नव्हतं. ज्याच्याकडं तो कागद असतो त्यानंच ऑडिट रिपोर्टवर सही करायची, असा कायदा आहे. हिशोबात कितीही हुशार असा, कागद नसेल तर तुमची सही आणि लहान पोरानं भिंतीवर ओढलेली रेघ यांत फरक नाही. सरांकडं कागद होता. पण सरांची सही राहायची राजमतीच्या ड्रॉवरमध्ये, कंदी पेढ्यांच्या एका रिकाम्या डब्यात.

त्या डब्यात तीन वस्तू होत्या. एक डोंगल. दिसायला पेनड्राइव्हसारखं, कॉम्प्युटरला लावून पासवर्ड टाकला की कागदावर सरांची डिजिटल सही उमटते. दुसरा एक साधा मोबाइल, ज्यावर सरांच्या नावाचे सगळे ओटीपी यायचे. तिसरा फर्मचा रबरी शिक्का. या तीन वस्तूंच्या जोरावर राजमती गेली आठ-दहा वर्षं विजयसिंह सर होती. शाहूवाडीच्या दूध संस्थेपासून गांधीनगरच्या कापड दुकानापर्यंत ऑडिट ती करायची, रिपोर्ट ती लिहायची, आणि सहीही तीच करायची. सर तेव्हा एखाद्या सत्काराला पन्हाळ्यावर असायचे नाहीतर एखाद्याच्या वास्तुशांतीला जेवत असायचे. डोंगलचा पासवर्ड राजमतीनंच ठेवला होता. सरांनी तो कधी विचारला नाही. माणूस आपल्याच सहीचा पासवर्ड कधी विचारत नाही, हे कुणाला सांगून पटेल का?

हे सगळं सुरू झालं दोन हजार एक सालच्या जूनमध्ये. कसबा बावड्यात तवनाप्पा मगदूम नावाचा एक माणूस होता. तीन एकर ऊस, दोन म्हशी, आणि लेक बी.कॉम.ला विद्यापीठात सातवी आली म्हणून गल्लीभर साखर वाटणारा. हा राजमतीचा बाप. अठरा जूनला, सोमवारी, त्यानं तिला लुनावर मागं बसवून शाहूपुरीत आणून सोडलं आणि सरांच्या पायाला हात लावायला लावला.

सीए व्हायचं तर नुसत्या परीक्षा देऊन भागत नाही. प्रॅक्टिस करणाऱ्या सीएच्या हाताखाली ठरलेली वर्षं उमेदवारी करावी लागते, तिला आर्टिकलशिप म्हणतात. तेव्हा ती तीन वर्षांची होती. आणि ही उमेदवारी त्या सीएनं फॉर्म भरून इन्स्टिट्यूटच्या दप्तरी नोंदवायची असते. नोंद नाही तर उमेदवारी नाही. मग तुम्ही तीन वर्षं राबा नाहीतर तीस.

पहिल्याच दिवशी सरांनी तिला शिकवलं, "राजमती, एक लक्षात ठेव. व्हाउचरशिवाय नोंद नाही. कितीही मोठा माणूस तोंडानं सांगू दे, कागद दिसल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही."

तिनं ते वहीत लिहून घेतलं. आणि त्याच संध्याकाळी आपल्या फॉर्मचं विचारलं तेव्हा सर म्हणाले, "भरला म्हणून समज." तिनं समजलं. ज्या मुलीनं पुढं आयुष्यभर दहा रुपयांच्या चहाच्या पावतीसाठी लोकांना घरी परत पाठवलं, तिनं स्वतःच्या आयुष्याचा कागद मात्र बघितला नाही. गुरूकडं कागद मागायचा नसतो, असं बावड्याच्या त्या घरात शिकवलेलं होतं. तिला या गोष्टीचा आजही सगळ्यात जास्त राग येतो, सरांपेक्षाही जास्त.

तीन वर्षं झाली. मधे लग्न झालं. शिरोलीच्या फौंड्रीत टर्नर असलेला सम्मेद हा नवरा मिळाला, कमी बोलणारा आणि डबा स्वतः भरून घेणारा. आदिती जन्मली. बाळंतपणाला दोन महिने घरी राहून राजमती परत कामाला लागली. दोन हजार चारच्या ऑगस्टमध्ये फायनल परीक्षेचा फॉर्म घेऊन ती सरांच्या सहीला गेली. सरांनी फॉर्म उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाले, "जरा घोळ झालाय."

घोळ असा होता की तिची नोंद झालीच नव्हती. कुठल्या सीएनं किती उमेदवार घ्यायचे हे इन्स्टिट्यूट ठरवून देतं. सरांकडच्या मोजक्या जागांपैकी तिची जागा सम्राटच्या नावावर गेली होती. सम्राट एका बड्या संचालकाचा मुलगा. तीन वर्षांत तो ऑफिसात तीन वेळा आला असेल, तेही दिवाळीला, मिठाईचा बॉक्स घेऊन. बाकीचा वेळ पुण्यात क्लासला. राजमती ज्या फाइली तपासायची त्यांच्यावर उमेदवार म्हणून नाव पडायचं सम्राटचं. आयत्या बिळात नागोबा म्हणतात तो हाच. पुढं तो चार-पाच धडकांनंतर पास झाला, सरांकडं कंदी पेढ्यांचा डबा पाठवला, पुण्यात स्वतःचं ऑफिस काढलं, आणि त्याच्या भिंतीवर जे सर्टिफिकेट लागलं त्याच्यामागं राजमतीची तीन वर्षं होती.

"पुढची जागा तुझीच," सर म्हणाले. "नाहीतर असं कर, पगारावर राहा. लहान मूल आहे तुला, परत तीन वर्षं उमेदवारी कुठं करतेस?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण घरी सात महिन्यांची पोर होती, आणि बापाला काय सांगायचं हे कळत नव्हतं. ती पगारावर राहिली. तवनाप्पाला तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. तो जाईपर्यंत बावड्यात सांगत राहिला की आमची राजी सीए हाय, आणि ती मान खाली घालून ऐकत राहिली.

एवढं झाल्यावर माणूस तिथं आणखी वीस वर्षं कसा टिकतो, असं कुणी विचारेल. विचारावंच. टिकतो कारण लोक म्हणतात, राजमतीशिवाय ऑफिसचं पान हलत नाही. हे ऐकायला गोड लागतं. ड्रॉवरची किल्ली कमरेला असली की आपणच मालक असं वाटतं. अंगातला राग मग सेक्रेटरींवर, प्रिंटरवाल्यावर आणि जिन्यातल्या माव्यावर खर्च होतो.

आता आदितीकडं येऊ. आदिती, वय वीस, गेल्या जुलैत सीए इंटरच्या दोन्ही परीक्षा पहिल्या झटक्यात पास. उमेदवारी आता दोन वर्षांची झालीय. "कुठं करणार?" असं विचारल्यावर सर स्वतःहून म्हणाले, "बाहेर कशाला? आपल्या घरचं ऑफिस असताना?"

घरचं ऑफिस. राजमतीला खरं तर तेव्हाच समजायला हवं होतं. पण तिच्या मनात एक जुना हिशोब होता. जिथं माझी जागा गेली तिथंच माझ्या लेकीची नोंद व्हावी, त्याच टेबलावर. सव्वीस ऑगस्टला आदिती रुजू झाली. त्याच संध्याकाळी तिनं आपला अर्ज इन्स्टिट्यूटच्या पोर्टलवर चढवला. आता सरांनी लॉगिन करून त्याला मंजुरी द्यायची, एवढंच राहिलं. त्याला मुदत तीस दिवसांची.

इतर उमेदवारांचे असले अर्ज राजमतीच मंजूर करायची. डब्यातला मोबाइल काढायचा, ओटीपी टाकायचा, झालं. पण हा एक अर्ज तिनं हात न लावता ठेवला. लेकीच्या कागदावर तरी सरांनी स्वतःचं बोट लावावं, एवढा तिचा हट्ट होता. दर दोन दिवसांनी ती केबिनमध्ये जाऊन सांगायची, "सर, आदितीचं तेवढं करा की." सर म्हणायचे, "बघू, सीझन संपू दे." सप्टेंबर म्हणजे टॅक्स ऑडिटचा सीझन. तीस तारखेपर्यंत ऑफिसात श्वास घ्यायला सवड नसते. मुदत त्याच्या आधी संपत होती.

चोविसावा दिवस क्षमावाणीचा होता. जैनांचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व संपलं की हा दिवस येतो. वर्षभरात ज्याला दुखावलं असेल त्याच्यापुढं हात जोडायचे आणि 'उत्तम क्षमा' म्हणायचं. राजमती सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जाऊन आली. शेजारणींना म्हणाली, सासूला म्हणाली, सम्मेदलाही म्हणाली. तो नेहमीप्रमाणं "बरं" म्हणाला. ऑफिसात ती दरवर्षी सरांपुढं हात जोडायची आणि सर हसून म्हणायचे, "केली क्षमा, जा." तेवीस वर्षांत सरांनी एकदाही उलट हात जोडले नाहीत. ते जैन नव्हते, हे खरं. पण क्षमा मागायला जैनच असावं लागतं असं कुठं लिहिलेलं नाही.

त्या दिवशी सर ऑफिसात नव्हते. दुपारी त्यांचा फोन आला. मागं बँडचा आवाज होता.

"राजमती, ऋतुराजचा अर्ज आलाय बघ पोर्टलला. तो मंजूर करून टाक आत्ता."

"कोण ऋतुराज?"

"अगं, सम्राटचा पुतण्या. पुण्यात असतो, इकडं यायचा नाही तो. नुसती नोंद करायची."

"आणि आदिती?"

"आपल्याकडं जागा एकच शिल्लक आहे. आदितीला स्टाफवर घेऊ की. पगार देऊ चांगला. नाहीतरी दोन वर्षांत लग्न होईल तिचं, मग काय करायचंय तिला ते प्रॅक्टिस अन् फिक्टिस?"

राजमतीनं फोन ठेवला. तेच घर, तीच जागा, तीच वाक्यं. फरक एवढाच की दोन हजार एक साली तिची जागा सरांनी स्वतःच्या हातानं दुसऱ्याला दिली होती. आता लेकीची जागा द्यायला त्यांनी तिचाच हात मागितला होता, आणि तेही मागं बँड वाजत असताना.

तिनं पोर्टल उघडलं. दोन अर्ज एकाखाली एक होते. वर ऋतुराज, खाली आदिती. जागा एक. डबा तिच्याकडं होता. सरांना दोन महिने कळलंही नसतं. तिनं आदितीच्या नावापुढं टिचकी मारली. मोबाइल वाजला. सहा आकडे आले. ती आकडे टाकायला लागली.

"आई, काय करतीयास?"

आदिती मागं उभी होती. हातात फाइल, खांद्याला पर्स.

"तुझं काम करतो," राजमती म्हणाली. कोल्हापुरातल्या बायका 'करतो' म्हणतात, 'करते' म्हणणारी बाई पुण्याची समजतात.

"सरांनी सांगितलं?"

"तुला काय करायचंय?"

"न्हाय सांगितलं न्हवं?" आदितीनं खुर्ची ओढली आणि स्क्रीनकडं बघितलं. वरचं नाव आडनावासकट वाचलं. सम्राटची गोष्ट तिनं आईकडून कितीदा तरी ऐकली होती. तिला सगळं समजायला अर्धं मिनिट लागलं. "मग ही सही कुणाची होणार, आई?"

"सरांची."

"सर तर तिकडं मिरवणुकीत हायत."

"आठ-दहा वर्षं अशीच होतीय. तेव्हा कुणी विचारलं न्हाय."

"मी विचारतो की. आम्हाला नीतिनियमांचा अभ्यास असतोय. सीएनं काय केलं तर त्याच्यावर कारवाई होती, त्याची यादी हाय. त्यातलं पहिलंच कलम हे हाय. आपल्या नावानं दुसऱ्याला प्रॅक्टिस करू द्यायची न्हाय." आदितीचा आवाज चढला नव्हता. "उद्या मी पास झालो, माझं सर्टिफिकेट आलं, तर त्याच्याखालचा पहिला कागद खोटा. मग माझ्यात अन् सम्राटात फरक काय?"

राजमतीचा राग तिथं फुटला. आणि तो आधी लेकीवर फुटला, कारण ती जवळ होती. "तू मला शिकवतीस? तुझ्यासाठी मरतोय इथं मी! चार बुकं वाचून आईला कायदा सांगतीस? तुझ्या आजाला मी काय सांगितलंय तुला ठाव हाय का?" सगळं ऑफिस उभं राहून बघायला लागलं. आदिती हलली नाही. आईचं बोलून होईपर्यंत ती थांबली आणि मग म्हणाली, "मी बाहेर दुसरीकडं बघतो. उशीर झाला तरी चालंल. पण हे करू नकोस."

ओटीपीची वेळ संपली. स्क्रीनवर लाल अक्षरात तसं आलं. राजमती त्या लाल अक्षरांकडं बराच वेळ बघत बसली. तिला आतापर्यंत वाटायचं, सरांनी माझ्यावर अन्याय केला. तो केलाच होता. पण त्या पहिल्या कलमातला गुन्हा एका माणसाला करताच येत नाही. सही देणारा लागतो, तसा ती करणारा हातही लागतो. आठ-दहा वर्षं तो हात तिचा होता. सम्राटसारख्या न येणाऱ्या उमेदवारांच्या खोट्या हजेऱ्या तिनंच भरल्या होत्या. दप्तरी नावं नऊ आणि ऑफिसात उमेदवारांच्या खुर्च्या तीन, हे तिला रोज दिसत होतं. रागावायचा अधिकार आपण कधीच घालवून बसलोय की काय, या विचारानं तिला इतका संताप आला की तिनं जैन रिवाजानं दिवस मावळायच्या आत खायचा संध्याकाळचा डबा तसाच परत नेला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सर केबिनमध्ये होते. समोर शाहूवाडीकडच्या एका दूध संस्थेचे चेअरमन केरबा बसले होते, मांडीवर पटका ठेवून. राजमती न विचारता आत गेली. मागं दारात आदिती उभी राहिली.

तिनं पेढ्यांचा डबा टेबलावर ठेवला आणि उघडला. एकेक वस्तू काढून सरांपुढं मांडली. डोंगल. मोबाइल. शिक्का. शेवटी कमरेची किल्ली.

"हे काय?" सर म्हणाले.

"तुमचं लायसन. माझ्याकडं राहिलं होतं. परत द्यायला आलो."

सरांनी केरबांकडं बघून हसू आणलं. "घरगुती आहे हो थोडं. राजमती, नंतर बोलू."

"नंतर न्हाय. दोन हजार एकपासून नंतरच चाललंय. ऋतुराजचा अर्ज मी मंजूर केलेला न्हाय. आदितीचाही न्हाय. तिचा आम्ही मागं घेतलाय. आता तुम्हाला जे कुणाचं करायचं असंल ते तुमच्या बोटानं करा."

"तुला राग आलाय."

"आलाय की. मोप आलाय." तिचा आवाज आता सगळ्या मजल्यावर ऐकू जात होता. "माझी तीन वर्षं त्या सम्राटच्या नावावर घातलीत, मी गप्प बसलो. वर त्याच्या पेढ्याच्या डब्यात तुमची सही सांभाळली. पण माझ्याच हातानं माझ्या लेकीची जागा विकायला सांगता, तेही फोनवरनं? तुम्हाला मी माणूस वाटतो का डोंगल?"

मग केरबांनी घसा साफ केला. त्यांचा प्रश्न साधा होता आणि तो त्यांनी सरांना विचारला.

"म्हंजे, सायब, आमच्या ऑडिटवर इतकी वर्सं सही कुनाची?"

"माझीच," सर म्हणाले. "अर्थातच माझी."

केरबांनी राजमतीकडं बघितलं. "बाई?"

"सही सरांची," राजमती म्हणाली. "हात माझा. ऑडिट नीट केलंय, त्यात काय खोट न्हाय, एवढं मी शपथेवर सांगतो. पण करायला नको होतं. मला तो अधिकार न्हवता. चूक माझी पण हाय."

केरबा पटका डोक्याला गुंडाळायला लागले. "आमाला वाटायचं, बाई नुसता चा सांगत्यात," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "फाइल मी घिऊन जातो सायब. तुमी बघितल्यावर बोलवा." आणि ते खरोखरच फाइल काखेत मारून निघाले.

सरांचा चेहरा उतरला तो तेव्हा. राजमतीच्या बोलण्यानं तो उतरला नव्हता, हे तिनं बघून ठेवलं.

जिना उतरताना आदितीनं विचारलं, "आता?"

"राजारामपुरी," राजमती म्हणाली.

राजारामपुरीच्या नवव्या गल्लीत पूर्णिमाचं ऑफिस होतं. पूर्णिमा एकेकाळी सरांकडं उमेदवार होती, खरोखर रोज येऊन काम करणाऱ्या थोड्यांपैकी. व्हाउचर कसं तपासायचं हे ती सरांकडून शिकली नव्हती, राजमतीकडून शिकली होती. चार वर्षांपूर्वी तिनं स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली. दोन खोल्या, एक मुलगी कामाला, भिंतीवर सर्टिफिकेट आणि त्याला हार नाही.

राजमतीनं सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही, स्वतःचंसुद्धा. पूर्णिमा ऐकत राहिली.

"राजमतीताई, जागा आहे माझ्याकडं," ती म्हणाली. "पण आदितीला आधीच सांगते. रोज साडेनऊला हजेरी. खोटी सुट्टी नाही, खोटी हजेरी नाही. ओळखीचं म्हणून सवलत मिळणार नाही."

"सवलत मागितली कुणी?" आदिती म्हणाली.

आदितीनं तिथंच बसून नवीन अर्ज चढवला. पूर्णिमानं लगेच पोर्टल उघडलं. "रुजू झाल्याची तारीख?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच टाकली, एकोणीस सप्टेंबर. मग पासवर्डच्या रकान्यापाशी ती थांबली. डाव्या हातानं तिनं की-बोर्डवर आडोसा धरला आणि जरा संकोचून म्हणाली, "ताई, तेवढं बाजूला बघता?"

राजमतीनं मान वळवली. खिडकीतून समोरच्या भडंगच्या दुकानाची पाटी दिसत होती. ती पाटी तिनं दोनदा वाचली आणि तिला एकदम रडू आलं. तेवीस वर्षांत कुणी सीए तिला बाजूला बघ म्हणाला नव्हता. एवढंच तर असतं ते लायसन. स्वतःची सही स्वतः करायची आणि करताना दुसऱ्याला बाजूला बघ म्हणायचं. हे कुणी पहिल्याच दिवशी शिकवलं असतं तर तिचं आयुष्य निराळं गेलं असतं. तिनं पदरानं तोंड पुसलं. पूर्णिमा म्हणाली, "झालं." आदितीच्या मोबाइलवर मंजुरीचा मेसेज आला. आदितीनं तो आईला वाचायला दिला आणि राजमतीनं तारखेसकट तो पूर्ण वाचला.

पूर्णिमाच्या आग्रहानं त्या तिथंच चहाला थांबल्या. साडेपाचच्या सुमारास राजमतीचा फोन वाजला. सरांचा होता.

"राजमती, डोंगल उघडेना. पासवर्ड काय ठेवलायस?"

तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"अगं, बारा रिटर्न अडकलेत. तीन वेळा चुकलाय, आणखी चुकला तर ते कायमचं बंद होतंय म्हणे. नवीन काढायचं तर मला कॅमेऱ्यापुढं बसून मीच विजयसिंह आहे हे सांगावं लागेल. लोक हसतील."

"खरं हाय ते. सांगायला लागंल."

"पासवर्ड सांग ना."

"आठ आकडे हायत, सर. मी तुमच्याकडं पहिल्यांदा कामाला आलो ती तारीख."

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. कुणाला तरी हळूच विचारलंही गेलं. मग सर म्हणाले, "दोन हजार दोन ना? दिवाळीच्या आसपास?"

राजमतीनं डोळे मिटले. लुनाच्या मागच्या सीटवर बसलेली बावीस वर्षांची मुलगी तिला दिसली, आणि नवं धोतर नेसून ऐटीत बसलेला तिचा बाप.

"राजमती," सरांचा आवाज एकदम मऊ झाला, "काल तुमचा तो दिवस होता ना? हे बघ, माझं काही चुकलं असेल तर, काय म्हणता तुम्ही ते, उत्तम क्षमा."

"केली क्षमा, सर," राजमती म्हणाली. धर्मच तो, मागितली की द्यावी लागते. "पण तारीख मी तोंडी सांगत न्हाय. तुमच्या रजिस्टरला नोंद असंल की. बघा."

तिनं फोन बंद केला. बाहेर अजून ऊन होतं. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून तिनं पिशवीतला डबा काढला, आणि भाकरीचे दोन भाग करून एक लेकीपुढं ठेवला.